बरणीतली झुरळं

एका झुरळाच्या सांगण्यावरून मी लातुरातली आमची अख्खी गल्ली सकाळी सकाळी रस्त्यावर आणून उभी केली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. गल्लीतल्या लोकांनाही खरं कारण ठाऊक नाही, त्यांना मी त्या दिवशी भलतंच सांगून मोकळी झाले. आता त्यातले निम्मे वर गेले आणि उरलेल्यांना ऐकू कमी येतं, तेव्हा कबूल करायला हरकत नाही. गल्ली बाहेर आली याचं मला फारसं वाईट वाटत नाही, लोकांना तेवढीच मोकळी हवा. वाईट वाटतं ते एका मुलीचं. त्या दिवशी तिची बारावीची जीवशास्त्राची प्रॅक्टिकल होती, आणि मी तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

फेब्रुवारी लागला की हे सगळं अंगात यायला लागतं. आता मी नांदेडला मुलाकडे असते. खाली रस्त्यावर क्लासची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन मुंग्यांसारखी जात असतात, चहाच्या टपरीवरसुद्धा एकमेकांना प्रश्न विचारतात. मला यातलं काही करायचं नसतं, तरी एका जागी बसवत नाही. उठते, गॅलरीत जाते, परत येते, छताकडे बघते. सून म्हणते, "आई, पेपर तुमचा हाय का तिचा?"

तिचा म्हणजे नातीचा. परवा ही नात न्हाणीघरातून अशी ओरडली, की मी झाडू घेऊनच धावले. मोरीच्या जाळीवर एक मोठं झुरळ बसलं होतं. तांबूस, तेल लावल्यासारखं चकचकीत, मानेवर पिवळसर कड, मिशा सावकाश डावीउजवीकडे फिरवत. मी झाडू खाली ठेवला.

"आजी, मार ना."

"थांब गं. नर हाय का मादी, बघू दे आधी."

नातीनं माझ्याकडे असं पाहिलं, की झुरळ परवडलं. ही पोरगी झुरळावरचे शंभर प्रश्न तासाभरात सोडवते. त्याच्या हृदयाला तेरा कप्पे असतात हे तिला झोपेत विचारा. पण तिनं झुरळ कधी हातात धरलेलं नाही. आता कापाकापी बंद झाली, मोबाइलवर चित्र फिरवून बघतात. चित्राला मिशा असतात, पण त्या आपला अंदाज घेत नाहीत. ते मोरीतलं आमच्या दोघींचा अंदाज घेत होतं, आणि मी एकदम लातूरच्या अंगणात जाऊन पोचले.

गणपती बोळवून लोक निजले आणि पहाटे जमीन हलली, ते वर्ष. औशाच्या पलीकडच्या गावांत काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. ते मी इथं लिहिणार नाही, माझ्या खुळेपणाच्या शेजारी ते ठेवायची माझी हिंमत नाही. आमच्या घराला फक्त एक तडा गेला, तोही केसाएवढा, स्वयंपाकघराच्या स्लॅबला. पण तेव्हापासून मी त्या स्लॅबखाली उभी राहीना. अंगणात पत्र्याचं छप्पर घातलं, तीन दगडांची चूल मांडली. कुणी विचारलं तर सांगायची, आत धुराचा लई त्रास होतो. आत गॅस होता. बाहेर ओल्या लाकडांचा धूर खात मी पाच महिने हे कारण सांगत होते, आणि लोक माना डोलवत होते, कारण प्रत्येकाच्या अंगणात अशीच एकेक चूल आणि असंच एकेक कारण होतं.

हादरे थांबत नव्हते. बारीक यायचे, ताटातलं वरण थरथरावं एवढेच, पण माणूस उभं राहून ऐकत बसायचं. तेव्हा लोकांनी नाना युक्त्या काढल्या होत्या. ताटलीवर स्टीलचे पेले उलटे रचून ठेवायचे, वाजले की पळायचं. आमचे पेले मांजरीनं तीनदा पाडले आणि तिन्ही वेळा मी आमच्या यांना अंथरुणातून ओढून बाहेर काढलं. चौथ्या वेळी हे म्हणाले, "अगं, आता भूकंपानंच मरू दे मला, तुझ्या हातनं नको."

आमच्याकडे चार मुली राहायच्या, बारावीच्या. तेव्हा लातुरात घराघरात अशा मुली असत. कुणी उमरीहून, कुणी उदगीरहून, ज्याला त्याला वाटे की पोरीला लातुरात ठेवलं म्हणजे निम्मी डॉक्टर झाली. हादऱ्यानंतर तिघी गावी गेल्या त्या परतल्याच नाहीत. चौथी दिवाळीनंतर आली. नसीम. मुदखेडला स्टेशनाजवळ तिच्या अब्बांचं शिवणकामाचं दुकान होतं. ते स्वतः सोडायला आले, माझ्या चुलीकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "ताई, पोरीला छताची धास्ती बसली. घरात पाय ठेवत न्हाई. अभ्यासाची फिकर न्हाई मला, ती करते. पण परीक्षा काय झाडाखाली घेत्यात व्हय?"

खरी अडचण तीच होती. कॉलेजानं वर्ग मांडवात भरवले होते, पण जीवशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर, आणि प्रॅक्टिकल तिथंच होणार. नसीम दोनदा जिना चढायला गेली आणि दोन्ही वेळा अर्ध्यातून खाली आली. प्रॅक्टिकल चुकली तर वर्ष गेलं. वर्ष गेलं तर तिला पुन्हा लातुरात ठेवणं अब्बांना जमणार नव्हतं, हे ते बोलले नाहीत, पण त्यांनी टोपी दोनदा काढून घातली त्यावरून मला कळलं.

मी छाती पुढं काढून म्हणाले, "भाईजान, पोरगी माझ्या जिम्मेदारीवर सोडा. भीती घालवायची विद्या हाय माझ्याकडं." जी बाई स्वतः पाच पावलं आत जाऊन मिठाचा डबा आणत नव्हती, ती हे बोलत होती.

प्रयोगशाळेत जाता येत नाही म्हणून नसीम कापायचा सराव अंगणात करायची. मेण ओतलेला ट्रे, त्यात पाणी, टाचण्या, कात्री, चिमटा. झुरळं पुरवायचं काम माझं. मी त्यात लवकरच वाकबगार झाले. काचेची बरणी घ्यायची, तोंडाला आतून तुपाचं बोट फिरवायचं, तळाशी केळ्याची साल टाकायची आणि संध्याकाळी मोरीजवळ ठेवून द्यायची. आत उतरतात, तुपावरून वर चढता येत नाही. तूप मी साजूक वापरायची. आमचे हे म्हणायचे, मला पोळीवर डालडा आणि झुरळाला साजूक.

त्या हिवाळ्यात मला पहिल्यांदा कळलं की झुरळ म्हणजे एकच काही नसतं. मोरीतलं मोठं तांबूस वेगळं. फडताळातलं बारकं, मातकट, मानेवर दोन काळ्या रेघांचं वेगळं. त्याची मादी अंड्यांची पिशवी पोटाला धरून हिंडते, पिलं निघायच्या बेताला आल्यावरच खाली ठेवते. मोठीचं तसं नाही. ती पिशवी कुठंतरी कोपऱ्यात चिकटवते आणि चालायला लागते. लाकडांच्या ढिगाखालच्या भुसभुशीत मातीत आणखी एक निघालं, गोल, बिनपंखांचं, शेंगदाण्याच्या टरफलासारखं. त्याला घरात यायची इच्छाच नव्हती. नसीम म्हणाली, "काकू, बहुतेक झुरळं अशीच असत्यात. रानात राहत्यात, पालापाचोळा खात्यात. आपल्या घरात येणारी चार-दोन, अन् बदनामी सगळ्या खानदानाची."

मग मी तिला माहूरची गोष्ट सांगितली. लहानपणी आईबरोबर रेणुकेच्या दर्शनाला गेले होते, तेव्हा डोंगराच्या वाटेवर वाळल्या पानांत एक किडा सापडला होता. काळाभोर, त्यावर पांढरे सात ठिपके, मखमलीवर टिकल्या लावाव्यात तसा. मी तो देवीचा किडा म्हणून पदरात बांधून घरी आणला, देवघरात वाटीखाली ठेवला आणि आठ दिवस त्याला साखर घातली. आई रोज हात जोडायची. नसीमनं सगळं ऐकून घेतलं, पुस्तक चाळलं आणि खाली मान घालून म्हणाली, "काकू, ते झुरळच हाय." माझी आई तेव्हा जिवंत होती. तिला मी हे कधी कळू दिलं नाही.

ट्रेमध्ये टाचलेलं झुरळ मात्र मी आधी लांबूनच बघायची. मग जवळ सरकले. रक्त लाल नव्हतंच, बिनरंगाचं, तांदळाच्या पेजेवरच्या पाण्यासारखं. नाकानं श्वास नाही, अंगाच्या दोन्ही कडांना छिद्रं, त्यांतून. मुंडकं उडालं तरी काही दिवस चालतं, मरतं ते पाणी पिता येत नाही म्हणून. आणि पोटात एक कठीण पिशवी, तिच्यात सहा दात. पोटात दात असलेलं माणूस मी सासरी पाहिलं होतं, नाव घेत नाही, पण ते असं उघडून दाखवणारं कुणी भेटलं नव्हतं.

आता माझी विद्या. दूध घालायला येणारी गंगाबाई शपथेवर सांगायची, की हादऱ्याच्या आदल्या दिवशी तिच्या मोरीतली सगळी झुरळं भिंतीवर चढून बसली होती. आणि एके दुपारी नसीमनं पुस्तकातून वाचून दाखवलं, की झुरळाच्या मागच्या टोकाला दोन काड्या असतात, त्यांवर बारीक केस, नुसती फुंकर घातली तरी त्याला कळतं आणि ते पळतं. पायांतही हादरा कळायची सोय असते. मी गंगाबाई आणि पुस्तक यांची बेरीज केली आणि स्वतःला शास्त्रज्ञ समजायला लागले.

तीन झुरळं निवडली. दोन मोठी पंखांची, एक बिनपंखांचं पोर. वेगळी बरणी, तुपाचं बोट, बिस्किटाचा चुरा, ओल्या कापसाचा बोळा, तोंडाला जाळीचं फडकं. या तिघांना कात्रीपासून माफी होती. बरणी मी नसीमच्या खोलीत, खिडकीपासून लांब, कोनाड्यात ठेवली. म्हणजे उंबऱ्यातून हात लांब करून सरकवली. तिला सांगितलं, "हे बघ, हे निवांत मिशा हलवून राहिले ना, तवर जमीनबी निवांत. यांना आधी कळतंय. तू आत बस, यांच्याकडं बघ, अभ्यास कर."

नसीमनं बरणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिला हे कितपत पटलं कोण जाणे. पण ती आत गेली. पहिल्या दिवशी दहा मिनिटं. मग अर्धा तास. मग पुस्तक घेऊन बसायला लागली. वाचता वाचता डोळे वर करून स्लॅबकडे न बघता बरणीकडे बघायची. संक्रांतीपर्यंत ती सगळी दुपार आत काढायला लागली. मी अंगणातून, चुलीपाशी बसून, तिच्यावर लक्ष ठेवून होते. जिम्मेदारी म्हणून. आमचे हे जाता येता म्हणायचे, "नसीम, तुझ्या काकूला पण एक बरणी दे गं. तिला धुराची लई तकलीफ हाय."

एकदा सकाळी फडकं उचललं तर आत एक पांढरं शुभ्र झुरळ. दुधासारखं, डोळे तेवढे काळे. माझ्या हातातला तांब्या सुटला. मी उंबऱ्याबाहेरूनच नमस्कार केला आणि बरणीच्या काचेला कुंकवाचं बोट लावलं. नसीम उठून आली, बघितलं, हसली. "काकू, त्यानं कात टाकली. शेवटची. आता पंख आले बघा. दुपारपर्यंत रंग चढतो." मग बरणी उजेडाकडे धरून म्हणाली, "ही मादी हाय. बाकीचे दोघं नर. मागं बघा, नराला दोन लांब काड्या अन् मधे दोन बारक्या. हिला बारक्या न्हाईत." दुपारपर्यंत खरंच रंग चढला. कुंकू मी पुसलं नाही, लावलंच आहे तर राहू द्या म्हटलं.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी प्रॅक्टिकलचा दिवस आला. सकाळची बॅच. नसीम अंगणात डबा, चिमटा, टाचण्या पिशवीत भरत होती. रंग जरा उतरलेला होता, पण ती म्हणाली, "जाते मी काकू. जिना चढते. वर जाऊन बघते काय होतंय." मला वाटलं, जायच्या आधी तिला बरणी दाखवावी, म्हणजे मन घट्ट होईल. मी उंबऱ्यात उभी राहिले, हात लांब केला आणि फडकं उचललं.

आत कल्लोळ चालला होता. दोघं नर बरणीच्या कडेनं गरागरा फिरत होते, पंख उभारत होते, फडफडवत होते, काचेवर आपटत होते, उताणे पडून पुन्हा उठत होते. त्यांना मी असं कधी पाहिलं नव्हतं. पुढचं मला नीट आठवत नाही. लोक सांगतात, की मी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत "निघा, घरं सोडा" असं बोंबलत गेले.

गल्ली निघाली. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या कडेवर शिट्टी न झालेला कुकर. समोरचे गुरुजी एका गालाला साबण लावून. आमचे हे टॉवेलवर. मी परत आले, नसीमचं मनगट धरलं आणि तिला रस्त्याच्या मधोमध आणून बसवलं. "आज छताखाली जायचं न्हाई. झुरळांनी सांगितलं."

तेव्हा मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. तीन महिन्यांत तिनं कण कण करून जी हिंमत जमवली होती, ती माझ्या एका ओरडण्यानं सांडली होती. ती घराच्या स्लॅबकडे बघत होती, ओठ पांढरे पडलेले, पिशवी पोटाशी आवळलेली. मी तिला वाचवत होते, अशी माझी समजूत होती. उन्हं वर यायला लागली. जमीन काही हलेना. कॉलेजची वेळ होत आली, मग झाली. गुरुजींच्या गालावरचा साबण वाळला.

नसीम हळूच म्हणाली, "काकू, बरणी आणा. मला बघायचंय."

बरणी आत होती. मी यांच्याकडे पाहिलं, यांनी टॉवेलकडे पाहिलं. मी उठले, अंगणापर्यंत गेले, आणि माझा पाय पुढं पडेना. आत कोनाडा दिसत होता, पाच पावलं. मी तशीच मागं फिरले.

मग नसीम उठली. माझ्या शेजारून गेली, आत शिरली आणि बरणी छातीशी धरून बाहेर आली. रस्त्यात मांडी घालून तिनं ती उजेडात धरली. बराच वेळ बघितलं. मादी तळाशी निवांत बसली होती, शेपटीकडचं टोक खाली करून. नर तिच्याभोवती वेड्यासारखे नाचत होते. नसीमचे कान लाल झाले. सगळी गल्ली गोळा झालेली, त्यात पुरुष माणसं. तिनं मला खाली ओढलं आणि कानात सांगितलं, "काकू, भूकंप न्हाई. ही वयात आली. तिनं वास सोडला अन् हे दोघं नादावले. पुस्तकात हाय."

मी उभी राहिले. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पदर सावरून म्हणाले, "टळला. देवीच्या कृपेनं टळला, जावा घरी." गुरुजींनी मला हात जोडले. गंगाबाईनं त्या दिवशी दूध ज्यादा घातलं.

आमच्या यांनी तोवर शर्ट चढवला होता. नसीमला स्कूटरवर मागं बसवलं आणि निघाले. वळणावर तिनं मागं वळून पाहिलं नाही.

तो दिवस मी कसा काढला ते विचारू नका. हे परत आले, म्हणाले, फाटकापाशी सोडली, उशीर लई झाला होता, आत घेतलं का माहीत न्हाई. मी चूल पेटवली, विझवली. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले, परत आले. तिच्या अब्बांना काय तोंड दाखवू, हे मनात घोळत होतं. आज नसीम इथं नांदेडातच आहे, डॉक्टर झाली नाही, क्लासमध्ये शेकडो पोरांना जीवशास्त्र शिकवते, आणि हे मला आज ठाऊक आहे. त्या दुपारी नव्हतं. त्या दुपारी मी बरणीवरचं फडकं सोडलं, ती आडवी केली आणि तिघांना मोरीपाशी जायला मोकळं केलं. दोघं गेले. मादी जरा वेळ तुपाच्या कडेवर थांबली, मिशांनी माझा अंदाज घेतला आणि मग तीही गेली.

नसीम ऊन कलल्यावर आली. फाटक उघडलं, पिशवी पत्र्याखाली ठेवली. मी चुलीपाशी बसून होते, मान वर करायची माझी छाती होईना. ती माझ्यासमोर उकिडवी बसली, माझ्या हातातली फुंकणी काढून घेतली आणि म्हणाली,

"काकू, परीक्षकानं उशिरासाठी चार शब्द सुनावून आत घेतलं. तीन तास स्लॅबखाली होते अन् एकदाबी वर बघितलं न्हाई. एका हातात चिमटा, एका हातात कात्री, भ्यायला हात मोकळाच नव्हता. आता तुमी उठा. आजची भाकर आतल्या ओट्यावर करा, मी दारात उभी राहते."